अंग झोपलेलं, मी जागा

डोळे उघडे असतात, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मिटलेले असते तर स्वप्न म्हणून सोडून देता आलं असतं. खोली दिसते, ती आपलीच. पंखा फिरतोय. उजेड अडवायला आईने खिडकीला जुनं लुगडं लावलंय, त्याच्या कडेने आलेली उन्हाची पट्टी कपाटावर पडलीय. सगळं जिथल्या तिथे. आणि आपल्याला करंगळीसुद्धा हलवता येत नाही.

डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर आमच्या घरात त्याची पुष्कळ कारणं शोधून झाली होती.

मी हिशेबाचा माणूस. गोव्यात डिचोलीतल्या एका खाणीच्या ऑफिसात ट्रकांच्या खेपा, बार्जमध्ये चढलेला माल आणि डिझेल यांचा ताळमेळ घालण्यात उमेदीची वर्षं गेली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कसाबसा टिकलो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १६ मार्च २०१८ पासून पुन्हा सगळं थांबलं, तेव्हा मात्र घरी बसलो. त्या पावसात आमच्या वाटेवर दारादारांत ट्रक उभे होते आणि टायरांभोवती गवत वाढत होतं. पुढे ओळखीतून कांदोळीच्या एका हॉटेलात नाइट ऑडिटरची नोकरी मिळाली. पगार कमी होता, पण आकड्यांशीच गाठ होती, म्हणून घेतली.

हे काम पुष्कळांना माहीत नसतं. रात्री अकराला जायचं, सकाळी सातला सुटायचं. पाहुणे झोपले की रेस्टॉरंट आणि बारची बिलं ज्याच्या त्याच्या खोलीच्या खात्यावर टाकायची, कॅश मोजायची, कार्डाच्या मशीनचा मेळ लावायचा आणि सगळं जुळलं की दोन-अडीचच्या सुमारास कॉम्प्युटरवर तारीख पुढे ढकलायची. हॉटेलातला दिवस मध्यरात्री संपत नाही, ऑडिटर संपवतो तेव्हा संपतो. मधे कुणी चावी हरवून येतो, कुणाला पहाटेच्या विमानासाठी टॅक्सी हवी असते. सकाळी साळगाव, म्हापसा, अस्नोडा करत स्कूटरने घरी पोचलो की वाटीभर पेज, मिसकूट आणि नऊला आडवा.

पहिल्यांदा झालं ते असंच दिवसाउजेडी. मला जाग आली. उताणा पडलो होतो. कूस बदलू म्हटलं, तर बदलेना. हात जड झाला असेल, मुंग्या आल्या असतील असं वाटलं, पण मुंग्या नव्हत्या. हाताला काहीच झालं नव्हतं, तो फक्त माझं ऐकत नव्हता. मग कानात आवाज सुरू झाला, विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी येतो तसला, एकसुरी आणि वाढत जाणारा. परसात आई आदोळीवर नारळ कातत होती, तो खर्र खर्र आवाजही त्यातून ऐकू येत होता. म्हणजे मी जागा होतो, याबद्दल शंका नको.

आणि दार व कपाट यांच्या मधल्या कोपऱ्यात कुणीतरी होतं.

दिसत नव्हतं. पण होतं. अंधारात खोलीत माणूस असला की न बघता कळतं ना, तसं. फरक इतकाच, की अंधार नव्हता आणि त्या असण्यात माझ्याबद्दल वाईट हेतू होता. हे मला कसं कळलं ते विचारू नका, पण कळलं. ते पायथ्याशी आलं. गादी दबली. छातीवर भार चढायला लागला आणि श्वास आखूड झाला. आईला हाक मारायचा प्रयत्न केला. घशापर्यंत हाक आली, तोंडातून बाहेर काही नाही. मी मरतोय आणि दहा पावलांवर आई नारळ कातत बसलीय, एवढाच विचार डोक्यात होता.

तेवढ्यात पोदेराचा भोंगा वाजला. चारचे पाव घेऊन तो आमच्या वाड्यावर येतो. त्या आवाजाबरोबर माझा उजवा पाय झटक्यात हलला आणि सगळं सुटलं. कोपऱ्यात कपाटच होतं. बनियन भिजून पाठीला चिकटलेली. बाहेर आलो तर आईने वर बघितलं आणि विचारलं, "किदें जालें रे?" मी म्हटलं, काही नाही.

घड्याळात बघितलं असतं तर हे सगळं मिनिटभरातच उरकलं असेल. मला तासभर वाटलं.

एकदाच झालं असतं तर मी ते कुणाला सांगितलंही नसतं. पण ते पुन्हा आलं, आणि मग येतच राहिलं. कधी उठताना, क्वचित झोप लागता लागता. मी झोपेला घाबरायला लागलो. पेज खाऊन मोबाइल घेऊन बसायचो, अकरा वाजवायचो. झोप कमी झाली, आणि झोप कमी झाल्यावर ते जास्त यायला लागलं. हे गणित तेव्हा मला सुटलं नाही.

शेवटी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेडण्याहून मावशी हजर. आमच्याकडे बोलणं कोकणीत आणि लिहिणं मराठीत, तेव्हा तिचं म्हणणं मी मराठीतच सांगतो. तिने एखाद्या फौजदारासारखी उलटतपासणी घेतली. बाई आहे की बाप्या? उजवीकडून येतो की डावीकडून? दिवसा कसा येतो, दिवसा येणारं मी कधी ऐकलं नाही. आईचा संशय घरामागच्या जुन्या पायवाटेवर होता. तिथून गावच्या राखणदाराची, देवचाराची, ये-जा आहे असं आजोबा सांगायचे. पण मावशीने ते उडवून लावलं. "देवचाराला मधे घालू नका," ती म्हणाली. "तो वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. झोपलेल्या पोराच्या उरावर बसायला त्याला दुसरे धंदे नाहीत काय?" मला तो युक्तिवाद पटला. राखणदार तो राखणदार.

मग देवळात गाऱ्हाणं घातलं. प्रसाद लावला, म्हणजे देवाला पाकळ्या लावून कौल मागितला, तर पाकळी उजवी पडली. घरी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसका मुळीच आला नाही, म्हणजे दृष्ट होतीच असं ठरलं. आणि उशीखाली लोखंड असावं म्हणून आईने पानदानातला अडकित्ता काढून ठेवला. जुना, जड, बिजागरीपाशी गंजलेला. पातळ उशीखाली तो बरोबर मानेमागे यायचा आणि असा टोचायचा की उताणं पडणं अशक्य. मी कुशीवर झोपायला लागलो.

आणि फरक पडला. पूर्ण गेलं नाही, पण निश्चित कमी झालं. आईला आनंद झाला. मलाही झाला, पण हिशेबाचा माणूस असल्यामुळे एक रक्कम जुळली की दुसरी तपासावीशी वाटते. खाणीच्या ऑफिसातल्या काही जुन्या डायऱ्या घरात पडून होत्या. त्यातल्या एकीत मी नोंदी करायला लागलो: कधी झोपलो, कधी आलं, कुठल्या अंगावर होतो, आदल्या दिवशी ड्युटी होती की सुट्टी. अडकित्ता घसरून बाजूला गेलेला असला आणि मी उताणा झालो की ते यायचं. तो जागेवर असून झोपेत मीच उशीवरून सरकलो आणि उताणा झालो, तरी यायचं. म्हणजे लोखंडाचा संबंध असलाच तर तो माझ्या मानेशी होता. दुसरी गोष्ट मला अजिबात अपेक्षित नव्हती. सगळ्यात जास्त नोंदी साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या. सुट्टीला मी घरच्यांबरोबर रात्री झोपायचो आणि दुसऱ्या रात्री पुन्हा ड्युटीवर. ज्याला विश्रांती म्हणत होतो, तीच झोपेचं वेळापत्रक उधळत होती. डिसेंबर तर विचारूच नका. २४ तारखेपासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत डबल शिफ्ट, स्टाफ क्वार्टरमध्ये मिळेल तेव्हा दोन तास अंग टाकायचं. त्या दिवसांच्या पानांवर नोंदच नोंद.

गावातल्या एका डॉक्टरांनी गॅस आणि टेन्शन असं निदान करून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. पुढे पणजीला मेंदूविकाराच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डायरी घेऊन गेलो, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. त्यांनी आधी ऐकलं आणि मग भलतेच प्रश्न विचारले. दिवसा बोलता बोलता झोप लागते का? खूप हसल्यावर गुडघे ढिले पडतात का, जबडा लुळा पडतो का? घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरचं कुणी म्हणतं का? पहिले दोन प्रश्न नार्कोलेप्सी नावाच्या आजारासाठी होते. त्यात माणसाला जागं ठेवणारं हायपोक्रेटिन हे रसायन मेंदूत कमी पडतं आणि स्लीप पॅरालिसिस हे त्याचं एक लक्षण असू शकतं. तिसरा प्रश्न स्लीप अॅप्नियासाठी. माझं उत्तर तिन्हींना नाही असं होतं. होय असतं तर रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी करावी लागली असती.

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला शाळेत असतानाच कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं आजही वाटतं. झोपेत साधारण दर दीड तासाने एक टप्पा येतो, त्यात डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन अझरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी तो जगापुढे मांडला. ही रेम झोप. या वेळी मेंदूच्या बुंध्यातून, म्हणजे ब्रेनस्टेममधून, मणक्यातल्या मज्जापेशींना गप्प बसायचा आदेश जातो आणि हातापायांचे स्नायू सैल पडतात. का, तर स्वप्नात आपण पळतो तेव्हा गादीवरून खरोखर पळू नये म्हणून. फ्रान्समध्ये मिशेल जुवे यांनी मांजरांच्या ब्रेनस्टेममधला तो नेमका भाग निकामी करून पाहिला होता. ती मांजरं याच झोपेत उठून दबा धरायची, नसलेल्या भक्ष्यावर झडप घालायची. म्हणजे हे बंधन आपल्या भल्यासाठीच. माझ्या बाबतीत एवढंच होत होतं, की बंधन सुटायच्या आत मला जाग येत होती.

"आणि छातीवरचा भार?" मी विचारलं.

"या झोपेत फासळ्यांमधले स्नायूही सैल असतात, श्वास मुख्यतः छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर चालतो," त्या म्हणाल्या. "तो आपोआप चालू असतो, तुम्हाला पुरेसा असतो. पण तुम्ही घाबरून मुद्दाम मोठा श्वास घ्यायला जाता. तो घेणारे स्नायू तुमच्या हाती नसतात. मग कुणीतरी बसलंय असं वाटतं."

कोपऱ्यातल्याचा उलगडाही त्यांनी केला. रेम झोपेत मेंदूतलं भीतीचं केंद्र, अमिग्डाला, जोरात चालू असतं. धोका आहे असा गजर आधी होतो आणि मग मेंदू तो धोका कुठे आहे ते शोधतो. शिवाय आपलं शरीर अवकाशात नेमकं कुठे आहे याचा हिशेब ठेवणारा भाग त्या वेळी गडबडतो. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्ण बाईच्या मेंदूत, डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, विजेचा हलका प्रवाह सोडला तर तिला आपल्या मागे कुणीतरी सावलीसारखं आहे असं जाणवायला लागलं. ती बसली की तेही बसायचं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. समाधानही वाटलं.

सकाळच्या झोपेचं कारणही कळलं. रेम झोपेचा जोर पहाटे आणि सकाळी असतो. लोक त्या वेळी झोपेच्या शेवटाला आलेले असतात, मी तेव्हा सुरुवात करत होतो, तीही दमून. मी विचारलं, असे किती जण असतात? त्यांनी एका आढाव्याचा उल्लेख केला, तो मी नंतर शोधून वाचला. २०११ सालचा, ३५ अभ्यासांतल्या ३६ हजारांवर माणसांची गोळाबेरीज. सर्वसाधारण लोकांत आयुष्यात एकदा तरी हे अनुभवलेले सुमारे ८ टक्के, विद्यार्थ्यांत सुमारे २८. परीक्षेची जागरणं आठवली तर दुसरा आकडा पटतो.

गोळी लिहून देण्याइतकं हे नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्यानंतर मी हॉटेलात सहज विषय काढला आणि थक्क झालो. बारमधला मुलगा, लाँड्रीतली बाई, तामिळनाडूचा कुक, सगळ्यांकडे आपापला दाबणारा होता आणि कुणी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. हिवाळाभर राहणारा एक वयस्क रशियन पाहुणा होता, त्यालाही रात्री झोप नसायची, तो रिसेप्शनसमोर चहा घेऊन बसायचा. तो म्हणाला, त्याच्या आजीच्या गावात हे काम घरातला दमोवोय करतो. म्हणजे घराची राखण करणारा केसाळ म्हातारा. तो उरावर बसला की घाबरायचं नाही, त्याला विचारायचं: बऱ्यासाठी आलास की वाईटासाठी? मला मावशी आठवली. त्यांचा राखणदार उरावर बसतो, आमचा बसत नाही, एवढाच काय तो वांधा.

गंमत म्हणजे, पुढच्या वेळी ते आलं तेव्हा मला तो प्रश्न आठवला. जीभ हलत नव्हती, पण मनातल्या मनात मी मराठीत वाक्य जुळवायला लागलो. बऱ्यासाठी म्हणायचं की बरं करायला? "आलास" की "आलात"? वयाने मोठा असला तर आदरार्थी हवं. या घोळात असतानाच ते सुटलं. नेहमीपेक्षा लवकर.

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं होतं, मी ते नीट ऐकलं नव्हतं. झगडू नका, लक्ष दुसरीकडे न्या. बालंद जलाल या संशोधकाने इजिप्तमधल्या आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना केली आहे. इजिप्तमध्ये हे जिनाचं काम मानणारे बरेच. त्यांना भीती जास्त वाटते आणि अंग अडकून राहणंही जास्त वेळ चालतं. कारण भीतीने मेंदू अधिक जागा होतो, अधिक धडपडतो, त्या धडपडीला शरीर उत्तर देत नाही, म्हणून भीती आणखी वाढते. जलाल यांनी सुचवलेला उपायही याच धर्तीचा आहे: हे काय आहे ते स्वतःला सांगायचं, हे तात्पुरतं आहे, निरुपद्रवी आहे असं बजावायचं, मन एखाद्या चांगल्या गोष्टीवर लावायचं, स्नायू सैल सोडायचे आणि हलायचा अट्टहास करायचा नाही.

मी करतो ते असं. श्वासाला हात लावत नाही. डोळे हलवता येतात, तेव्हा नजर पंख्यावरून खिडकीकडे, खिडकीवरून परत पंख्याकडे नेतो. कोपऱ्याकडे मुद्दाम बघत नाही, पण टाळतही नाही. मग मनात हिशेब लावतो, कालची कॅश, कार्डाची रक्कम, येणं बाकी. कधी कधी पायाच्या अंगठ्याला हळूच हलायला सांगतो. ऐकलं तर ठीक. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ते असणं अजून तसंच खरं वाटतं, वाईट हेतूसकट. फक्त मी त्यात भर घालत नाही.

बाकीचे बदल साधे आहेत आणि वैताग आणणारे. मॅनेजरला डायरी दाखवून सीझनभर रात्रपाळी कायम ठेवायला लावली. कुणी रजेवर गेला की मला दिवसा बोलवायचे, ते बंद केलं. सुट्टीच्या रात्रीही दोन-अडीचपर्यंत जागतो, म्हणजे झोपेचे निदान थोडे तास रोज त्याच वेळेला पडतात. घरच्यांना ते विचित्र वाटतं. लुगड्याच्या जागी जाड पडदा आला. पहाटे तीननंतर चहा नाही. मोबाइल बाहेरच्या खोलीत. पाठीशी घट्ट गुंडाळलेली चादर ठेवतो, म्हणजे उताणा होता येत नाही. अडकित्ता आता पुन्हा पानदानात आहे, मावशीला सुपारी कातरायला लागतो.

आता महिनोन्‌महिने ते फिरकत नाही. येतं ते हमखास चवथीत. रात्री वाड्यावर घरोघर आरत्या, घुमट वाजवून हात सुजलेले, पहाटे घरी. दुपारी खतखतं, मुगागाठी, वर नेवऱ्या, आणि मग गणपतीच्या माटोळीसमोरच्या गार जमिनीवर सगळे भाऊबंद आडवेतिडवे. मीही. वहिनी दरवर्षी ओरडते, भावजी, उताणे झोपू नका. पण चवथीचं जेवल्यावर कूस कोण सांभाळत बसणार?